मधला खंड

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वहिनींना बजावलं, "सूज उतरेपर्यंत पुस्तक हातात धरायचं नाही. महिनाभर तरी." वहिनींनी मान डोलावली खरी, पण त्या धास्तावल्याच. वाचायचं नाही म्हणजे दिवसभर वन्संच्या समोर बसायचं. आणि बोलायचं काय?

घरात दोघीच उरल्या होत्या. वहिनींनी रुग्णालयात तीस वर्षं एक्स-रे काढले होते. वन्सं, म्हणजे त्यांची नणंद, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. इतकी वर्षं एका छपराखाली काढूनही दोघींचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही, की गूळपीठही जमलं नाही. मधे भाऊ होता ना! "वहिनींना सांग, गॅस संपत आलाय." "वन्संना विचारा हो, खिडकी कुणी उघडी ठेवली?" तो बिचारा इकडचं तिकडं पोचवायचा. गेल्या वर्षी तो गेला, आणि टपालच बंद पडलं.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी वन्सं वहिनींना न सांगता वाचनालयात गेल्या. "महिनाभर पुरेल असं काहीतरी द्या," त्यांनी ग्रंथपालांना सांगितलं, "पणजोबांपासून सुरू होऊन पणतवंडांपर्यंत जाणारं. माणसं भरपूर हवीत. घरात फार शांतता आहे."

ग्रंथपालांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून एक ठोकळा काढून दिला. घंटा ओतणाऱ्या एका घराण्याची तीनशे वर्षांची कहाणी. खंड पहिला.

वन्सं मोठ्यानं वाचू लागल्या. वर्गातली सवय, आवाज खणखणीत. पहिले दोन दिवस वहिनी नुसत्या ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"थांबा हो वन्सं. हा कुठला धाकटा? मघाशी भट्टीत हात भाजला तो, की त्याचा पुतण्या?"

"तोच! पुतण्या अजून जन्मायचाय."

"मग काढा बघू वंशावळ. माझ्या तर डोक्याचं भरीत झालंय."

कपाटात एक्स-रेची जुनी मोठी पाकिटं पडून होती. वन्संनी त्यातलं एक उसवून जमिनीवर पसरलं आणि पेन्सिलीनं आखणी सुरू केली. आजोबा वर, नातवंडं खाली, घर सोडून गेलेल्यांना बाण. डोळ्यांवर काळा चष्मा लावून वहिनी वरून सूचना करत होत्या, "अहो, त्या दुसऱ्या बायकोला कोपऱ्यात काय टाकलंत? सगळं घर तिनं सांभाळलं!" आणि वन्संनी मुकाट्यानं खोडून तिला मधे आणलं.

पहिला खंड संपला तो असा: थोरली सून सासूशी बिनसल्यावर तान्ह्या मुलीला घेऊन भर पुरात होडीत बसते. वन्सं धावतच वाचनालयात गेल्या आणि परतल्या तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं. तिसरा खंड होता, दुसरा नव्हता. तिसरा दीडशे वर्षांनंतर सुरू होत होता. घराणं भलत्याच गावात होतं आणि घंटा सोडून घड्याळं बनवत होतं.

"हे तुम्हाला कसं कळलं?" वहिनींनी विचारलं.

"पहिलं पान वाचलं रस्त्यात," वन्संनी खाली मान घालून कबूल केलं.

आठवडाभर दोघी त्या दीडशे वर्षांवर वाद घालत राहिल्या. वन्सं म्हणायच्या, पुराचा प्रवाह बघता होडी समुद्रालाच लागली असणार. वहिनींना ते पटेना. "तान्हं मूल घेऊन बाई इतकी लांब जायची नाही. कुठल्यातरी घरानं दार उघडलं असेल." जेवताना वाद, कपडे वाळत घालताना वाद. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "चला. तो खंड गेला कुठं, ते तरी विचारून येऊ."

त्या काळ्या चष्म्यानं वहिनींना पायऱ्या धड दिसत नव्हत्या. वन्संनी दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं, पण हात कुणी काढला नाही.

ग्रंथपालांनी जुन्या कार्डांचा लाकडी खण उपसला. पुस्तक बाहेर गेलं की त्याचं कार्ड त्या खणात राहायचं. दुसऱ्या खंडाचं कार्ड तिथंच होतं, अकरा वर्षं. "एका सुताराच्या बायकोनं नेलं होतं," ते म्हणाले. "पुढच्या चौकाच्या मागं कारखाना आहे. आम्ही दोन पत्रं पाठवली, मग नाद सोडला."

सुतार म्हातारा होता. दोघींनी पुस्तकाचं नाव काढताच त्यानं रंधा खाली ठेवला. हत्यारांचं कपाट उघडून, सर्वांत वरच्या कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. आत खुणेसाठी रंध्याखालून निघालेली लाकडाची पातळ साल घातलेली होती.

"कधी ना कधी कुणीतरी येणार, हे ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलं तिला, तेव्हा म्हणाली, आल्यावर वाचीन. आली नाही. मी दोनदा निघालो होतो परत करायला. पण परत केलं की दुसरं कुणीतरी ते वाचून संपवणार. तिचं तर संपलं नव्हतं ना."

"तुम्ही नाही वाचलंत?" वन्संनी विचारलं.

"मला दुकानाची पाटी वाचण्याइतपत येतं, बाई. हे एवढं कुठलं! न्या तुम्ही. उगाच अडवून बसलो इतकी वर्षं."

त्यानं पुस्तक पुढं केलं, पण बोटं काही सुटेनात. वहिनींनी ते अंधुक दिसत असूनही पाहिलं.

"न्यायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "आम्ही इथं येऊन वाचू. तुमच्या कामात लुडबुड होणार नसेल तर."

सुतारानं दोन स्टुलं झटकून पुढं सरकवली. वन्संनी पहिल्या चार ओळी वाचल्या, तर हा म्हणतो, "थांबा. ही होडीतली बाई कोण? आधीपासून सांगा की."

मग पहिला खंड सांगणं आलं. वन्संनी सुरुवात केली, वहिनींनी मधेच तोंड घातलं. एकीनं वाक्य सुरू करावं, दुसरीनं संपवावं. "तिची सासू म्हणजे..." "कजाग हो! पण नातीवर जीव." सुतार एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. "सख्ख्या बहिणी का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"छे!" दोघी एकदमच म्हणाल्या आणि एकमेकींकडं बघून हसत सुटल्या.

रोज दुपारी त्या जाऊ लागल्या. होडी समुद्राला लागली नव्हती आणि कुठल्या दारालाही नव्हती. ती दोन कोसांवर एका झाडात अडकली. सून त्याच काठावर राहिली, सासरच्या घंटा ऐकत. "ह्या लेखकाला भूगोल येत नाही," वन्संनी जाहीर केलं. त्या दिवशी त्या फुरंगटून बसल्या आणि पुढची दहा पानं वाचता येत नसताना वहिनींनी अंदाजानं सांगितली. सुतारानं तीही मन लावून ऐकली.

मग एका दुपारी लाकडाची साल घातलेलं ते पान आलं. वन्संचा आवाज थांबला. सुताराचा हातही थांबला.

"इथपर्यंत?" त्यानं विचारलं.

"हो. इथपर्यंत."

त्यानं ती साल उचलली. बोटांत धरून उजेडाकडं केली.

"म्हणजे आतापर्यंतचं सगळं तिला ठाऊक होतं. आता मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होणार." तो हसला, आणि हसताहसताच डोळे भरून आले. "एकदा तरी! चिडली असती. वाचा, बाई, वाचा पुढं."

वहिनींनी आपलं स्टूल त्याच्याजवळ ओढलं. वन्संनी घसा साफ केला आणि पान उलटलं.

खंड संपला त्या दिवशी सुतार स्वतः तो घेऊन वाचनालयात गेला. ग्रंथपालांनी कार्ड खणातून काढलं, पुस्तकाच्या खिशात सरकवलं आणि त्याचा हात हातात घेतला.

तोवर महिना उलटून गेला होता. डॉक्टरांनी वहिनींचा डोळा तपासला. सूज उतरली, नवा चष्मा घ्या, हवं ते वाचा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. नवा चष्मा तयार होऊन आला, तेव्हा वन्संनी तिसरा खंड वहिनींच्या टेबलावर नीट ठेवला.

"आता तुमचं तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

वहिनींनी पुस्तक उघडलं. अक्षरं स्वच्छ दिसत होती, कोरल्यासारखी. त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्याला रुमाल लावला.

"पाणी येतंय हो अजून. अक्षरं एकमेकांवर चढतात. तुम्हीच वाचा. उद्या सुतारांकडं जायचंय, तिथंही तुम्हालाच वाचावं लागणार."

डॉक्टरांची चिठ्ठी वन्संनीच आणली होती, रस्त्यात वाचलीही होती. तरीही खुर्ची ओढून त्या वहिनींच्या शेजारी बसल्या आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.