बांगड्याचा उपास

आमच्या पिल्लाचं नाव बांगडा ठेवलं ही चूक होती, हे त्याचं पोट बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. देवबागात फोनवरून 'बांगड्याक जुलाब झाले' असं सांगितलं, की समोरचा माणूस आपलं व्याकरण सुधारतो. 'बांगड्यान जुलाब झाले' म्हण, म्हणतो. माझा मित्र सुदेश तर म्हणाला, "घेताना डोळे बघून घेवचे मा, ताजे आसत काय." हे पिल्लू त्याच्याच कुत्रीचं. त्यानंच आणून दिलेलं. नावही त्यानंच ठेवलेलं.

तर बांगडा. दोन महिने नुकते उलटलेले, पाठीवर काळपट पट्टे, पोट पांढरं. सकाळपासून तो अंगणात गोल फिरत होता. फिरता फिरता बसायचा, आणि बसल्यावर जे व्हायचं ते निव्वळ पाणी असायचं. मग उठून दुसरी जागा शोधायचा. त्याच्या मागून मी, माझ्या मागून बादली घेऊन आई. आमच्या होमस्टेवर साताऱ्याचं एक जोडपं उतरलं होतं. ते व्हरांड्यात चहा पीत हे सगळं बघत होतं.

"तेका कोणी काय खावक दिल्यानी?" मी विचारलं.

आईनं फक्त दूध दिलं होतं, गाईचं. बाबांनी फक्त पेडवे मासळीची डोकी दिली होती. "आमचे कुत्रे ह्याच्यारच वाढले," ते म्हणाले. साताऱ्याच्या ताईंनी फक्त क्रीमचं बिस्कीट. त्यांच्या यजमानांनी फक्त वडा, तोही रस्सा न लावता. मी फक्त आमलेट. प्रत्येकानं फक्तच दिलं होतं. सगळे 'फक्त' एकत्र जमून पिल्लाच्या पोटात पंगत बसली होती.

मी त्याला शर्टाच्या आत घालून मोटारसायकलवरून मालवणला नेलं. वाटेत शर्टाच्या आत काय झालं ते सांगत बसत नाही.

जनावरांच्या डॉक्टर नम्रता मॅडम घाटावरच्या. त्यांनी त्याचा ताप बघितला, हिरड्या बघितल्या, कातडी चिमटीत धरून सोडली, कसलीशी पट्टी लावून तपासणी केली. "पार्व्हो नाही, पिल्लं दगावतात तो आजार," त्या म्हणाल्या. मी सुटलो म्हणून हसलो. त्या हसल्या नाहीत. "पण लहान आहे. याच्या अंगातलं पाणी संपायला वेळ लागत नाही. गाईचं दूध बंद करा. दुपारपर्यंत उपास. ही पावडर पाण्यात कालवून घोट घोट पाजा. दुपारनंतर पातळ पेज, बिनमिठाची, चमचा चमचा. फार वेळ उपाशीही ठेवू नका, गळून जाईल. संध्याकाळपर्यंत जरा घट्ट झालं तर ठीक. ओकला किंवा रक्त दिसलं तर तसेच घेऊन या, सलाईन लावावं लागेल."

"सलाईन लावलं की वाचतो ना?"

"बहुतेक वाचतात."

तो 'बहुतेक' तारकर्ली ओलांडली तरी शर्टातच होता, बांगड्याशेजारी.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"दुपारपर्यंत उपास. मगे पेज."

"बरा."

उपास या विषयात आईला समजावून सांगावं अशी माझी पात्रता नाही. ती सोमवार करते, संकष्टी करते, एकादशी करते, आणि चुकून विसरलेल्या उपासाचा दुसऱ्या दिवशी वेगळा उपास करते. मी निर्धास्तपणे बाबांबरोबर होडीवर गेलो. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायचे होते. निर्धास्तपणा खाडीच्या तोंडापर्यंत टिकला. पुढे मी समुद्राकडे पाठ करून घराच्या दिशेनं बघत बसलो.

"अहो दादा, तो बघा, तो बघा," ताई म्हणाल्या.

मी वळून बघितलं. डॉल्फिनची तब्येत चांगली होती.

परत आलो तर बांगडा ओट्यावर आडवा. पोट नगाऱ्यासारखं. शेजारी वाटी, चाटून लख्ख केलेली. तिच्या काठाला एक पांढरा मणी चिकटला होता.

"आई, ह्या काय?"

"उपासाचा."

"उपासाचा म्हणजे?"

"साबुदाण्याची खिचडी. मिरची घातलंय नाय हां. मुका जनावर ता, तेका तिखाट सोसाचा नाय. तूप तेवढा सढळ सोडलंय."

"शेंगदाणे?"

"कूट. तेका दात खंय आसत एवढे?"

"आई, उपास म्हणजे काय एक खावचा नाय."

आईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तसो उपास खंय असता रे? तू संकष्टीक काय खातस?"

मी साबुदाण्याची खिचडी खातो.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी एकेक जिन्नस विचारून घेतला.

"शेंगदाणे?"

"कूट."

"तूप?"

"साजूक."

"किती खाल्लं?"

मी फोन आईसमोर धरला. "थोडीच," आई म्हणाली. "परत मागल्यान म्हणान परत दिलंय."

"आता काही देऊ नका," मॅडम म्हणाल्या. "पाणी तेवढं चालू ठेवा. हिरड्या बघत राहा, गुलाबी असायला हव्यात. पांढऱ्या पडल्या किंवा ओकला तर ताबडतोब निघा. शी केली की फोटो पाठवा."

हे सगळं आईनं ऐकलं. हातातली वाटी तिनं हळूच पदराआड घेतली, जणू वाटी दिसली नाही तर खिचडीही झाली नव्हती.

मग कुणालाच बसवेना. मी मोटारसायकलची चावी बोटात फिरवत होतो. आई चुलीकडे जायची, अर्ध्यातून परत यायची, बांगड्याचा ओठ उचलून बघायची. "गुलाबी आसा मा? की माकाच तशी दिसता?" खात्री करायला तिनं माझा ओठ उचलून माझी हिरडी बघितली. मग दोघांची शेजारी शेजारी. मग बाबांना बोलावलं. त्यांची तपकिरी निघाली. तंबाखूची हिरडी प्रमाण धरायची नाही असं ठरलं. साताऱ्याच्या ताई आपण होऊन पुढे आल्या. त्यांची उत्तम होती. त्यांच्या यजमानांना जेवायचं होतं, पण सुरमईच्या थाळीबद्दल विचारावं अशी वेळ त्यांना सापडत नव्हती.

"मी मारलंय काय रे तेका?" आईनं एकदम विचारलं.

"नाय गो."

"खरा सांग."

"बहुतेक नाय," मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून कसा निसटला ते मलाच कळलं नाही.

आई उठली. तुळशीसमोर जाऊन तिनं हात जोडले आणि मोठ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज माझ्या हातान ह्या मुक्या जीवाच्या पोटात जा काय पडला, ता सुखरूप खाली जावंदे. वर येवचा नाय, मदी अडकाचा नाय. माझी चूक तू पोटात घे, पण तेच्या पोटातली चूक भायर काढ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. ते मागच्या दारी जाळं सोडवत होते. कशाला हो म्हटलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण गाऱ्हाण्याला कुणीतरी म्हणावंच लागतं.

बांगडा उठला.

त्यानं मान लांब केली, तोंड उघडलं, बरगड्या आत गेल्या. मी मोटारसायकलकडे धावलो. आई त्याला उचलायला धावली. त्यानं ढेकर दिली. पिल्लाच्या मानानं फार मोठी, सरपंचाला शोभेल अशी. मग पायऱ्या उतरून तो माडाखालच्या वाळूत गेला, हुंगला, फिरला, परत फिरला. आम्ही सगळे लांबून बघत उभे. इतकी माणसं बघतायत म्हटल्यावर तो अवघडला आणि आमच्याकडे बघत बसला.

"तोंडा फिरवा," आई म्हणाली.

आम्ही समुद्राकडे वळून उभे राहिलो. साताऱ्याचे यजमानही.

बऱ्याच वेळानं आई पहिली वळली. "सुशांत, इकडे ये."

घट्ट म्हणण्यासारखं नव्हतं. पण पाणीही नव्हतं. त्याला आकार होता. आणि त्यात साबुदाणे, एकूणएक, शिजले होते तसेच टपोरे. रक्त कुठे नव्हतं. मी फोटो काढला. पहिला हलला म्हणून दुसरा काढला.

मॅडमचं उत्तर आलं, 'छान.'

"काय म्हणता?" आईनं विचारलं.

"छान म्हणता."

"कोणाक? तेका की खिचडीक?"

बांगडा वाडग्यातलं पाणी लपलप पीत होता. आईनं त्याची हिरडी शेवटची बघितली, माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच मॅडमना लावला. "डॉक्टरबाई, आता काय देऊ ते नीट सांगा. उपास वगैरे म्हणू नका. वस्तू सांगा."

"पेज," मॅडम म्हणाल्या. "तांदळाची, मीठ न घालता. फार तर दोन चमचे."

"असं सांगा की," आई म्हणाली.

पेज चुलीवर चढली. सुरमई शेजारच्या चुलीवर. ताई आत जाऊन पडल्या. मी सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीत बसलो. बांगडा माझ्या पायावर येऊन झोपला. त्याचं पोट पायाला लागत होतं. गरम होतं, हलत होतं.

"सुशांत," आतून आईचा आवाज आला, "पेजेवांगडा तोंडाक लावक काय देव तेका? कैरीचा लोणचा की भाजलेली सुकट?"

मी खुर्चीतून उठलो.