खोड सांगा, साहेब

कुंभारवाड्याच्या बायजानं आपली जीप विकून रिसॉर्टवाल्याची जुनी परदेशी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिला तोंडावर वेडी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तालुक्याला, जोयड्याला, दवाखान्यात जायचं असो की कचेरीत, बस चुकली की माणशी भाडं घेऊन वडाप करणाऱ्या बायजाच्या जीपशिवाय गती नव्हती, आणि जो जादा बोलेल त्याला ती भर चढावर खाली उतरवायची. म्हणून लोकांनी तिच्या नवऱ्याला गाठलं. चंद्रा भातशेतीत आणि दोन म्हशींत रमणारा माणूस. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जेवताना हळूच विषय काढला.

“लोक म्हणत्यात, जीप विकून बायजा हत्ती पोसणार.”

“व्हय, हत्तीच हाय. बघाय या म्हणावं,” बायजा म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

तिचं खूळ नव्हतं ते. जंगल बघायला येणारे पाहुणे हल्ली गोव्याच्या विमानतळावरूनच गाडी मागायचे, आणि तीही थंडगार, मऊ गादीची. होमस्टेवाल्यांनी बायजाच्या जीपचा फोटो पाठवला की पलीकडून नकार यायचा. “अक्का, तुम्ही चांगल्या, पण जीप नको,” असं त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं. म्हणजे घाटातलं वळण न् वळण बायजाला पाठ, आणि भाडं मात्र नाडगौडा साहेबाच्या रिसॉर्टच्या गाड्यांना. इकडे वाडीवाडीत मोटारसायकली आल्या, तसं वडापही बसत चाललं. आता मोठी गाडी घ्यायची, नाहीतर स्टिअरिंग सोडून लोकांच्या शेतात लावणीला जायचं. लावणी तिला येत होती, तिच्या आईला येत होती, आजीलाही येत होती. घरात पहिल्यांदा स्टिअरिंग आलं होतं ते बायजाच्या हातात, आणि ते ती सुखासुखी सोडणार नव्हती.

नाडगौडा हा हुबळीकडचा माणूस. काळी नदीच्या वळणावर त्याचं रिसॉर्ट. नवी गाडी घेतल्यावर त्यानं आपली जुनी विकायला काढली. काळी, रुंद, उंच, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. नवी असताना या गाडीच्या किमतीत कुंभारवाड्यातली सगळी घरं बांधून झाली असती. आता तीच बायजाच्या जीपच्या पैशांत आणि थोड्या साठवलेल्या पैशांत मिळत होती. एवढी स्वस्त का, हा प्रश्न बायजाला पडला नाही असं नाही. म्हणून तर तिनं रामनगरहून नागराज मेस्त्रीला बोलावलं.

नागराजनं बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला. तेल बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं. बायजानं गाडी अणशी घाटाच्या चढावर नेली, मुद्दाम अर्ध्या चढावर थांबवली आणि पुन्हा उचलली. गाडी कुरकुर न करता वर गेली. असं ओढणारं यंत्र तिनं आजवर चालवलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिथंच तिचा जीव गाडीवर बसला.

तरीही तिनं रीत सोडली नाही. बैलाच्या सौद्यात या वाड्यांत एक रीत आहे. दावं हातात द्यायच्या आधी विकणाऱ्यानं जनावराची खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची. मारतो, बुजतो, नांगराला बसतो, जे असेल ते. खोड सांगून विकलेला बैल कधी परत येत नाही. खोड लपवून विकलेला बैल मात्र घेणारा परत आणतो आणि विकणाऱ्याच्या दारात बांधून जातो. मग ते दावं दुसरं कुणी सोडत नाही. विकणाऱ्यानं चार माणसांत खोड बोलायची आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडायची. बायजाच्या बापानं, लाडूनं, जन्मभर असेच बैल घेतले होते, आणि लहानपणी त्याच्या मागं मागं फिरून बायजानं ही रीत पाहिली होती.

तर बायजा नाडगौडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “खोड सांगा, साहेब.”

“कसली खोड?”

“हिची. प्रत्येकाला एक तरी आसती.”

नाडगौडा खळखळून हसला. “बाई, एकदम ए-वन गाडी आहे. काही खोड नाही.”

“न्हाई म्हणतासा?”

“नाही म्हणतोय ना.”

बायजानं मान डोलावली आणि किल्ली घेतली. कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ असं छापलं होतं, त्याखाली तिनं सही केली. शहरातला कुणी असता तर त्या छापील ओळीपाशी थबकला असता आणि तोंडी शब्द सोडून दिला असता. बायजानं नेमकं उलटं केलं. माणसानं खोड नाही म्हटलं, म्हणजे नाही. हे असं चुकणं कुंभारवाड्याकडच्या माणसालाच जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रा म्हशी सोडायला उठला आणि अंगणातूनच ओरडला, “अगं, तुझा हत्ती बसलाय!”

गाडी खरोखरच बसली होती. काल दिमाखात उभी असलेली ती धिप्पाड गाडी चाकांवर पोट टेकून, मागचा भाग जमिनीलगत खाली घेऊन बसली होती. चाकं तर फुगलेली, हवा भरलेली. बायजानं इंजिन चालू केलं. खालून कण्हल्यासारखा आवाज आला, गाडी मागून थोडी उठली, मग काहीतरी जळल्याचा वास आला आणि ती पुन्हा होती तशी बसली. शेजारच्या अंगणात दात घासणारे लोक तोंडातला फेस थुंकायचं विसरले.

नागराज मोटारसायकल घेऊन धावत आला. गाडीखाली शिरला, बेळगावच्या एका मित्राला फोन लावला, बराच वेळ कन्नडात बोलला आणि ओशाळून बाहेर आला.

“बायजाक्का, हिला लोखंडाच्या स्प्रिंगा न्हाईतच. रबराच्या पिशव्यात हवा भरून ती उभी ऱ्हाती. पिशव्या चिरल्यात. इंजिन चालू आसलं की पंप हवा मारत ऱ्हातो, म्हणून त्या दिवशी उभी दिसली. आता पंपबी जळाला. मी इंजिनच बघत बसलो की. आसली गाडी आधी कधी उघडली नव्हती.”

बायजाला आठवलं. ती गाडी बघायला गेली तेव्हा बॉनेट गरम होतं. साहेब कुठूनतरी आला असेल, असं तिला वाटलं होतं. साहेब कुठूनही आला नव्हता. त्यानं गाडी नुसती उभी राहावी म्हणून चालू ठेवली होती. तिच्या कानशिलात आग पेटली.

“इंजिनाचं काय?” तिनं विचारलं.

“इंजिन सोनं हाय, अक्का. गिअरबी. नव्या पिशव्या परवडायच्या न्हाईत, पण बेळगावात त्यांच्या जागी लोखंडी स्प्रिंगा घालून देत्यात. जरा धक्के खाईल, पण मग कधी बसायची न्हाई. माझं ऐक. गप ऱ्हा, खर्च कर आणि चालव. मोठ्या माणसाशी कुठं भांडतीस?”

बायजानं नाडगौडाला फोन लावला. तो आधी हसला, मग वैतागला. “बाई, जुन्या गाडीत असं होतंच. कागद वाचलात ना? आहे त्या स्थितीत. मी काय तुम्हाला गॅरंटी दिली होती?”

“खोड न्हाई म्हणालासा.”

“ते बोलण्यातलं झालं!” आणि फोन बंद.

बोलण्यातलं! बायजा कितीतरी वेळ तो शब्द चघळत अंगणात उभी राहिली. नुकसान झालं याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग याचा, की या माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दाची काडीची किंमत नव्हती. गप बसून खर्च केला असता तर गाडी चालली असती, पण मग तिला रोज त्या गादीवर बसताना आपण फसलो हेच आठवलं असतं. आणि उद्या हाच माणूस दुसऱ्या कुणाला तरी हसत हसत ए-वन म्हणाला असता. छे. गप बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

ती वळली, तर मागं चंद्रा उभा. ज्या माणसानं गाडी घेऊ नको म्हणून आठवडाभर तोंड पाडलं होतं, त्याच्या हातात म्हशीचं दावं होतं.

“हे घे,” तो म्हणाला. “नवंच हाय. मजबूत.”

त्या क्षणी बायजाला आपल्या नवऱ्याचं जेवढं कौतुक वाटलं, तेवढं लग्नातही वाटलं नव्हतं.

गाडी रखडत निघाली. पोट दगडांना घासत होतं, मागं चंद्रा चालत होता, त्याच्या मागं गावातली अर्धी माणसं. बायजानं तिला चालीच्या वेगानं रिसॉर्टपर्यंत नेलं आणि बरोबर फाटकाच्या मधोमध उभी केली. मग दाव्याचं एक टोक पुढच्या हुकाला आणि दुसरं फाटकाच्या खांबाला बांधलं, निरगाठ मारली, हात झटकले आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसली. शनिवारची दुपार होती. आतून बाहेर जाणाऱ्या गाड्या आत अडकल्या, नवे पाहुणे बाहेर अडकले.

नाडगौडा तणतणत आला. “हा काय तमाशा? परशू, सोड ती दोरी!”

परशू हा फाटकावरचा वॉचमन, जवळच्याच बाजारकुणंग गावचा. त्यानं दाव्याकडं पाहिलं, बायजाकडं पाहिलं आणि हात मागं घेतले.

“ते दावं मला सोडता येत न्हाई, साहेब.”

“येत नाही म्हणजे?”

“ते तुमच्या दारात बांधलंय. तुमीच सोडायचं.”

नाडगौडानं माळ्याला हाक मारली. माळी जागचा हलला नाही. भटारखान्यातल्या बायका पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या, पण फाटकाच्या आतच. सगळ्या आसपासच्या वाड्यांतल्या. कुणी दाव्याला हात लावत नव्हतं, आणि त्यामुळेच नाडगौडाचा पारा चढत होता. त्यानं स्वतः आत जाऊन सुरी आणली.

“साहेब, सोडा, पर तोडू नगा,” परशू म्हणाला. तो दाव्याच्या आड येऊन उभा राहिला. “दावं तोडलेल्या दारात आमच्यातलं कुणी पाय ठेवत न्हाई. उद्यापासनं फाटकावर मी न्हाई, आन चुलीपाशी ह्याबी न्हाईत.”

नाडगौडानं त्या बायकांकडं पाहिलं. एकीनंही नजर खाली घातली नाही. शनिवारचे पाहुणे, भरलेल्या खोल्या, आणि सकाळच्या नाश्त्याला चूल पेटवायला माणूस नाही. हे गणित त्याला कागदाशिवाय कळलं. बाहेरच्या गाडीतून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यानं सुरी खाली केली.

“काय पाहिजे तुम्हाला, बाई? रिपेअरिंगचे पैसे? देतो. फाटक मोकळं करा.”

“पैशाचं न्हाई बोलत मी,” बायजा दगडावरूनच म्हणाली. “खोड सांगा, साहेब.”

“सांगितलं ना, मला काही माहीत...” तो बोलता बोलता अडखळला. समोर परशू होता. रोज पहाटे साहेबाच्या हुकमानं हीच गाडी चालू करून ठेवणारा परशू. साहेबाची नजर त्याच्या नजरेला भिडली, आणि पुढचं खोटं साहेबाच्या घशातच राहिलं.

“हवेच्या पिशव्या गळतात हिच्या,” तो पुटपुटला.

“पाठीमागं ऐकाय येत न्हाई,” बायजा म्हणाली.

“पिशव्या गळतात! गाडी बसते! मला माहीत होतं!” नाडगौडा ओरडला, इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या पाहुण्यांनीही काचा खाली केल्या.

बायजानं मान डोलावली. मग त्याला वाकून गाठ सोडावी लागली. म्हशीला बांधायची निरगाठ, सवय नसलेली बोटं. नख मोडलं, घाम आला, बायकांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. अखेर दावं सुटलं आणि त्यानं ते चंद्राच्या पायाशी टाकलं. चंद्रानं ते शांतपणे गुंडाळून खांद्यावर घेतलं.

“झालं समाधान?” नाडगौडा धापा टाकत म्हणाला. “तुमचे सगळे पैसे परत करतो. हे धूड इथंच ठेवा आणि जा.”

बायजा उठली नाही. तिनं शेजारच्या दगडावरची धूळ पदरानं झटकली.

“ठेवून कुठं जाऊ? गाडी मला पायजेच हाय. चढावर बघितलंय मी तिला. पर तुमी मला विकली ती उभी ऱ्हाणारी गाडी हुती, आन ही हाय बसणारी.” तिनं झटकलेल्या दगडाकडं बोट केलं. “या, बसा साहेब. आता हिची खरी किंमत बोलू.”