भाषणाची रेकॉर्ड

“भाषणाची आहे. ठेव खाली,” प्रुफवाला म्हणाला.

मी ती रेकॉर्ड कव्हरातून काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली होती. भाषणाच्या रेकॉर्डवर रेघा कशा दिसतात हे मला ठाऊक होतं. माणूस बोलतो, थांबतो, टाळ्या पडतात, पुन्हा बोलतो. त्यामुळे तिच्यावर काळे-करडे तुकडे दिसतात, ठिगळं लावल्यासारखे. ही तशी नव्हती. हिचा काळा रंग कडेपासून आत हळूहळू फिकट होत गेला होता आणि शेवटाजवळ परत गडद झाला होता.

“वाद्यासारखी दिसते रे,” मी म्हणालो.

“कव्हरावर छापलंय. मी काय मनाचं वाचतोय?”

वाजवून बघावी तर त्या तळघरातल्या दुकानवाल्याचा प्लेअर दुरुस्तीला गेलेला. छापलेल्या अक्षरापुढे मी काय बोलणार? मी रेकॉर्ड खोक्यात परत ठेवली आणि पुढच्या खोक्याकडे वळलो. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

आमचा शनिवार ठरलेला असे. मी लिफ्ट दुरुस्त करायचो, तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. दोघांचीही सुट्टी अर्ध्या दिवसाची. शहरात जुन्या रेकॉर्डची तीन दुकानं होती आणि तिन्ही आम्ही पालथी घालायचो. पहिलं न्हाव्याच्या शेजारचं तळघर. तिथे उतरताना डोकं वाकवावं लागे, आणि जो वाकवत नसे त्याला तळघरवाला वरून सांगायचा, की चौकट माझ्या बापाने बसवली आहे, तिला धक्का लावू नका. दुसरं दोन भावांचं. त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. दुकानाच्या मधोमध जमिनीवर रंगाचा पट्टा ओढलेला; गाणी धाकट्याकडे, वाद्यं थोरल्याकडे. गिऱ्हाईकाने वाद्य मागितलं तर धाकटा नुसतं भिंतीकडे बघायचा. तिसरं दुकान सायकलवाल्याच्या माडीवर, एका बाईंचं. नवरा वारल्यावर त्या त्याच्या रेकॉर्डी विकत होत्या, पण एकेक वाजवून झाल्याशिवाय हातातून सोडत नव्हत्या. आणि मधेच बोलणाऱ्याला तर मुळीच देत नव्हत्या.

आमचा नियम एकच होता. ज्याचा हात आधी लागेल त्याची रेकॉर्ड. पण एकदा खाली ठेवली, की ती कुणाचीही.

मला वाचता येत नव्हतं. नववं वर्ष लागलं तेव्हा मी एका वर्कशॉपात तेलाचे डबे पुसत होतो, त्यामुळे शाळा राहिली ती राहिलीच. लिफ्टच्या कामाला अक्षर लागत नाही. कान लागतो. मोटार सुरू केली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी डोळे मिटून सांगायचो. रेकॉर्डचंही तसंच. रेघा बघून आणि सुई ठेवल्यावरच्या पहिल्या दोन सुरांवरून माल ओळखायचो. तरी दुकानात मान प्रुफवाल्याला. त्याला ‘साहेब’, मला ‘लिफ्टवाले’. चहा आधी त्याच्यापुढे यायचा. तो कव्हरं वाचायचा, कोण गातंय, साथीला कोण, कुठल्या साली, आणि दुकानदार माना डोलवायचे. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? तो आजारी पडून एखाद्या शनिवारी आला नाही, तर मला काळजीच्या आधी बरं वाटायचं.

त्यातही मला एका चालीचा शोध होता. तरुण होतो तेव्हाची गोष्ट. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर बसून मी दोर तपासत होतो. भिंतीपलीकडच्या घरात कुणीतरी व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. खालून लोक दार बडवत होते, वॉचमन शिव्या देत होता, आणि मी काम झालेलं असूनही लिफ्ट तशीच उभी ठेवली. पुन्हा त्या इमारतीत गेलो तेव्हा ते बिऱ्हाड सोडून गेलं होतं. नाव माहीत नाही, वाजवणारा माहीत नाही. फक्त चाल डोक्यात. ती मी शिट्टीवर वाजवून तिन्ही दुकानांत दाखवायचो. त्या दोन भावांतला धाकटा एकदा म्हणाला होता की तुमच्या शिट्टीवरून तर रेल्वेच्या गार्डलासुद्धा चाल ओळखू येणार नाही.

घरी रेकॉर्डी वाढत गेल्या तसं प्रुफवाला म्हणाला, अरे, उद्या तू नसशील तेव्हा घरच्यांना काय कळणार कुठली कुठली ते. मी नावाच्या चिठ्ठ्या लावून देतो. मग महिन्यातून एका रविवारी तो घरी यायचा, आतल्या कागदी पाकिटावर चिठ्ठी डकवायचा, बारीक सुबक अक्षरात काहीतरी लिहायचा. मी चहा करून द्यायचो. त्याचे उपकार वाटायचे आणि त्या उपकारांचाही राग यायचा.

निवृत्त झाल्यावर सूनबाईने मला शिकवायचं मनावर घेतलं. दुपारची भांडी आवरली की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायचो. पाटी नको म्हटलं, लाज वाटते. तर तिने जुन्या कॅलेंडरची मागची बाजू दिली. अक्षरं कळली, मग काना-वेलांटी कळली, मग जोडाक्षरांनी दोन महिने छळलं. ही गोष्ट मी प्रुफवाल्याला सांगितली नाही. एक दिवस दुकानात त्याच्या हातातलं कव्हर घ्यायचं आणि त्याच्याआधी वाचायचं, असं मनात धरून होतो. एवढ्यासाठीच शिकलो म्हणा ना.

पहिलीच्या पुस्तकातल्या बदकाचा कंटाळा आला तेव्हा मी कपाटातून एक रेकॉर्ड आणली. आपल्या घरच्या मालावर हात बसवावा. चिठ्ठीवर बोट ठेवून वाचलं, “ही मी दोन-दा हातात घे-ऊन खाली ठेव-ली.”

“हे कसलं गाणं?” मी विचारलं. “ही तर सनईची आहे.”

सूनबाईने चिठ्ठी बघितली. “बाबा, हे गाणं नाहीये,” ती म्हणाली. “कुणाचं अक्षर आहे?”

त्यानंतर पंधरा दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. बऱ्याच चिठ्ठ्यांवर सरळ नावंच होती. पण मधेमधे एखादी तशी निघायची. ‘ह्याला कसं कळलं?’ असं एकीवर. ‘माझ्याकडची प्रत याच्याहून वाईट,’ असं दुसरीवर. ‘मागितली तर देईल. म्हणूनच मागत नाही.’ एकीवर नुसतं, ‘आज दिवसभर याच्याशी धड बोललो नाही. याला पत्ता नाही.’ मला खरंच पत्ता नव्हता. मी आयुष्यभर ज्याच्यावर जळलो तो माझ्यावर जळत होता, आणि तेही माझ्याच घरात, माझाच चहा पीत, माझ्याच कपाटात लिहून ठेवत होता. विहिरीत तोंड घालून बोलावं तसं. विहीर थोडीच कुणाला सांगणार?

थोडी मौज वाटली. सूनबाईला म्हणालोसुद्धा की बघ, साहेब माझ्यावर जळायचे. ती हसली नाही. तिने हातातली चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि उठून गॅस बघायला गेली. गॅसवर काही नव्हतं.

‘तळघरात भाषणाची म्हणालो ती मलाच हवी होती म्हणून. घरी लावली तर त्याची लिफ्टमधली चाल निघाली. आता कोणत्या तोंडाने सांगू?’

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. एकही अक्षर अडलं नाही.

राग कसला आला ते सांगतो. त्याने केसाने गळा कापला, हे होतंच. पण त्याहून जास्त मला माझा राग आला. रेघा मला सांगत होत्या, वाद्य आहे म्हणून. माझे डोळे बरोबर होते. एका न वाचता येणाऱ्या कव्हरापुढे मी त्यांना खोटं पाडलं. आणि रात्रंदिवस एकच विचार: एकोणीस वर्षं ती चाल त्याच्या घरात वाजते आहे. मी शिट्टी वाजवत दुकानं धुंडाळतोय, आणि हा शेजारी उभा राहून ऐकतोय.

पुढच्या शनिवारी आम्ही बाईंच्या माडीवर गेलो. आता प्रुफवाला पूर्वीचा राहिला नव्हता. तीन वर्षांपासून त्याचे कान जात चालले होते. मशीन लावायचा, तरी बाईंना आवाज वाढवायला सांगायचा आणि त्या कपाळाला आठ्या घालून थोडासा वाढवायच्या. त्याचे कान गेले म्हणून मी त्याच्यासाठी हळहळत असे. त्या दिवशी हळहळलो नाही.

त्याने सवयीने कव्हरं वाचायला घेतली. ही अमुक, ती तमुक. पुढच्या कव्हराला त्याचा हात लागायच्या आत मी ते उचललं, आणि वाचलं. सावकाश, पण न अडता. गाणाऱ्याचं नाव, साथीदारांची नावं, खाली बारीक टाइपात छापखान्याचा पत्तासुद्धा. मशीन असूनही त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा मोठ्याने वाचलं. दुकानात कुणी बोललेलं बाईंना चालत नसे, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच सुई उचलली.

प्रुफवाल्याचा चेहरा पडला. “कधी शिकलास?” त्याने विचारलं.

“झाले सहा महिने.”

“म्हणजे चिठ्ठ्या...”

“सगळ्या.”

त्याने हातातली कव्हरं नीट एकावर एक लावून ठेवली. कडा जुळवल्या. मग म्हणाला, “चल.”

आम्ही त्याच्या घरी गेलो. एकटाच राहायचा तो. एक खोली, एक खिडकी, भिंतीला लागून रेकॉर्डी, आणि तांबड्या शाईचा वास. त्याने न चाचपडता ती रेकॉर्ड काढली. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी उठून गेलो असतो, हे त्याला ठाऊक असावं.

मी रेकॉर्ड खिडकीशी नेऊन तिरकी धरली. काळा रंग उरला नव्हता. कडेपासून मध्यापर्यंत सारखी राखेसारखी झाली होती. सुईने खाऊन टाकली होती.

“रोज लावायचास?”

“रोज नाही.” त्याने माझ्या ओठांकडे बघत उत्तर दिलं. “तू शिट्टी वाजवलीस की त्या शनिवारी. घरी येऊन ताडून बघायचो. प्रुफ वाचल्यासारखं.” थांबला. “तुझी एका ठिकाणी चूक आहे.”

“कुठे?”

“शेवटाकडे. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.” त्याने प्लेअरचं झाकण उघडलं. “आता मला ती जागा ऐकू येत नाही. वरचे सूर गेले. तूच बघ.”

त्याने सुई ठेवली. आधी नुसती खरखर, तव्यावर मीठ टाकावं तशी. मग त्या खरखरीखालून व्हायोलिन आलं. तीच होती. मी लिफ्टच्या टपावर बसलेला तीस वर्षांचा माणूस नव्हतो, म्हातारा होतो, खुर्ची डगमगत होती, आणि ऐन सुरावर सुई सारखी खरडत होती. प्रुफवाला समोर बसून माझ्याकडे बघत होता. त्याने एक हात प्लेअरच्या लाकडी खोक्यावर सपाट टेकवला होता. तळहाताला जेवढं कळेल तेवढं जाणून घेत होता.

चाल शेवटाकडे आली. मी ती नेहमी खाली उतरवून संपवायचो, कारण मला तशीच आठवत होती. इथे ती खाली उतरली, टेकली असं वाटलं, आणि तिथूनच परत एकदा वर गेली. फार नाही. जिना उतरून आलेल्या माणसाने काही विसरलं म्हणून परत दोन पायऱ्या चढाव्यात तेवढीच. त्या दोन पायऱ्यांवर खरखर नव्हती. का ते मला कळलं नाही. तेवढी जागा स्वच्छ राहिली होती.

“आलं का ते ठिकाण?” प्रुफवाल्याने विचारलं.

ते येऊन गेलं होतं. एकोणीस वर्षं ते त्याच्याकडे होतं.

“अजून नाही,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली, खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि दुसराही तळहात त्या लाकडावर ठेवून वाट बघत बसला. सुई मधल्या कोऱ्या भागावर येऊन गोल गोल फिरत होती.