सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

बायकोच्या, शालनच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन झालं, त्याच दिवशी दुपारी बाळासोला कळलं की आपला शिक्का गेला. वंदना झाली, भंतेजी जेवून गेले. उद्याच्या गाडीनं मुंबईला परतायचं म्हणून त्यानं खुंटीवरचा कोट काढला आणि आतल्या खिशात हात घातला. खिशात एस्टीचं जुनं तिकीट होतं. शिक्का नव्हता.

अंगठ्याएवढी पितळी मूठ, खाली गोल रबर, त्यात ४७ हा आकडा. बाळासो मुंबईला विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तपासनीस होता. चाक बदललं, वायर बदलली, की त्या कामाच्या कागदावर तो शिक्का मारायचा. त्याचा अर्थ एवढाच, की हे काम मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. रजेवर जाताना शिक्का ऑफिसात जमा करायचा असतो. पण एकोणीस दिवसांपूर्वी शालनला दवाखान्यात हलवल्याचा फोन आला तेव्हा बाळासो विमानाच्या पोटाखाली होता. तसाच उठला आणि स्टँडवर गेला. जमा करायचं राहिलं. ती चूक त्याचीच होती.

"काय हुडकायलायसा भावजी?" बनाबाईनं विचारलं. ती त्याच्या थोरल्या भावाची बायको. शालनचं सगळं तिनंच केलं होतं.

"माझ्या कोटाला कुणी हात लावलाय?"

"घरात माणूस मेलंय. निम्मी मंगळवार पेठ येऊन गेली. मी काय दारात तिकिटं फाडत हुते?"

बाळासो बाहेर आला. सोप्यात गल्लीतला आकाराम पान लावत बसला होता. दुखवट्याला आलेला माणूस, पण तीन दिवस रोज येत होता. बाळासोला ते आता खटकायला लागलं.

"बाळासो, वाईट वेळेला इचारतोय, पण आमच्या शिवानीला इमानात घालायची म्हणतोय," आकाराम म्हणाला. "उंची हाय, विंग्रजी बी बोलतीया. काय काय लागतंय?"

"आधी डोळं तपासून घे. आन् कुठला क्लास नोकरीची हमी देत असंल, तर तिथनं उठून ये."

"आन् तुमच्यासारखं खालचं काम?"

"खालचं काम म्हंजे मोजणी. एकदा संध्याकाळी आमचा एक पाना कमी आला. पाच तास इमान हलू दिलं न्हाय. माणसं आत बसून शिव्या देत हुती. शेवटी एका पोराच्या बुटात घावला. त्यो चारदा म्हणालता, मी बूट बघितलाय. तवापास्नं कुणी 'बघितलंय' म्हटलं की मी परत बघतो."

बोलताना तो आकारामच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होता. आकारामच्या ते ध्यानात आलं. त्यानं खिशातली चुन्याची डबी काढून खाली ठेवली, "ही घ्या, बघा," म्हणाला आणि पान तोंडात टाकून निघून गेला.

मग बाळासोच्या मनात प्रसेनजीत आला. खरं तर सगळ्यात आधी तोच आला होता, पण सख्ख्या पुतण्याचं नाव त्यानं मागं सारलं होतं. बनाबाईचा हा पोरगा बाळासोच्याच कंपनीत शिकाऊ होता. जूनमधल्या लायसनच्या परीक्षेला बसायचं तर कामाच्या वहीत प्रत्येक कामापुढं तपासनीसाचा शिक्का लागतो. त्याच्या वहीतली अकरा कामं मोकळी होती. ती ज्याच्या हाताखाली केली, तो तपासनीस शिक्का न मारताच आखातात नोकरीला गेला. प्रसेनजीत दोन महिने बाळासोच्या मागं लागला होता. बाळासोचं उत्तर एकच, "मी बघितलं न्हाय, मी मारणार न्हाय."

फोन आल्यावर तोही बाळासोबरोबर इथं आला होता, आणि गेल्या एकोणीस दिवसांत पोरानं तो विषय एकदाही काढला नव्हता. बाळासोला वाटलं होतं, काकीच्या दुखण्यात त्याला भान नसेल. आता तसं वाटेना.

प्रसेनजीत घरामागच्या परड्यात भांडी विसळत होता.

"वही आण तुझी."

पोरानं हात पुसले आणि वही आणून दिली. का, कशाला, काही विचारलं नाही. बाळासोनं पानं उलटली. अकराच्या अकरा कामांपुढं शिक्के होते. सत्तेचाळीस नंबर. सगळे उलटे, आकडे डोक्यावर उभे.

"कुणी मारलं?"

"काकीनं."

"मेलेल्या माणसावर घालतोस व्हय रं?"

"तात्या, दवाखान्यातनं घरी आणल्यावर तिनंच मला बोलावलं. वही आण म्हणाली. तुमच्या कोटातनं शिक्का तिनंच काढायला लावला. मी नको म्हटलं."

"लई जोरात म्हटलं असशील."

पोरानं मान खाली घातली. "न्हाय. जोरात न्हाय म्हटलं."

"कामं केल्तीस का खरंच?"

"केल्ती. आईशपथ."

"शिक्का कुठाय?"

"काकीनं उशीखाली ठेवला. तात्याला मीच सांगीन म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची शुद्धच गेली."

बाळासो आत गेला. "वहिनी, शालनची उशी कुठाय?"

"तिच्याबरोबर दिली की. डोस्क्याखालची."

"हाताला काय टणक लागलं?"

"मी रडत हुते भावजी. चाचपत न्हवते."

म्हणजे शिक्का जळाला, पितळी मूठ राखेबरोबर नदीत गेली. किंवा जळाला असं सांगायला ही जागा चांगली होती. शालनला वाचता येत नव्हतं, ती आकडा उलटाच मारणार. पण प्रसेनजीतही विमानाच्या कामातलं पोरगं. उलटा शिक्का बघून काका काय समजेल, एवढं त्याला कळत होतं. बाळासोनंच त्याला शिकवलं होतं, चूक हुडकायची असेल तर चूक करणाऱ्यासारखा विचार कर.

आणि शालननं तसं केलंच नसेल, असंही त्याला छातीठोक म्हणता येईना. बावीस वर्षं तो मुंबईला, ती इथं. गेल्या दिवाळीला ती म्हणाली होती, "त्या शिक्क्यापायी कुणाचं बी इमान डोळ्यानं बघतासा. मला बघायला मातूर वर्सातनं दोनदा." तो हसला होता. ती हसली नव्हती. त्याच्या पाठीमागं तिनं काय ठरवलं, कुणाला काय शब्द दिला, हे विचारायला आता माणूस नव्हतं. पोरगा खोटा असेल तर त्याला लायसन मिळता कामा नये. पोरगा खरा असेल तर शालनचं नाव कंपनीच्या कागदावर चढणार, शिक्का चोरणारी म्हणून.

नियमाप्रमाणं त्यानं चार वाजता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरनं ऑफिसला फोन लावला. सत्तेचाळीस नंबर हरवला म्हणाला. साहेबांनी आधी बाईंचं ऐकून वाईट वाटल्याचं सांगितलं. मग विचारलं, "हरवल्यावर कुठं वापरला गेलाय का? तुम्हाला काही माहिती?"

काचेबाहेर प्रसेनजीत उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता.

"बघून सांगतो," बाळासो म्हणाला.

तो मुंबईला परतला त्याला आता पाच आठवडे झाले. त्याचा नंबर कायमचा रद्द झाला. नवा अजून मिळालेला नाही. प्रसेनजीत त्याच छपराखाली काम करतो, जेवायला मात्र दुसऱ्या टेबलावर बसतो. वही बाळासोच्या कपाटात आहे. परीक्षेचा फॉर्म भरायला नऊ दिवस उरलेत. साहेबांना सांगायचं अजून राहिलं आहे.