मावळतीची खिडकी

अठ्ठावन्नाव्या वर्षी चंदना चौगुलेनं घर बांधायला काढलं, तेव्हा तिला वीट आडवी लावतात की उभी हेसुद्धा धड माहीत नव्हतं. एकतीस वर्षं जत तालुक्यात नर्स म्हणून नोकरी झाली होती. राहायला सरकारी क्वार्टर. गळकं छप्पर असो की न लागणारी कडी, मिळेल त्यात भागवायचं. लग्नाचं कधी जमलं नाही, कधी तिनंच मनावर घेतलं नाही, आणि वर्षं निघून गेली. निवृत्त झाल्यावर सांगलीजवळ समडोळीच्या बाहेर, उसाला लागून फार पूर्वी घेऊन ठेवलेली दोन गुंठे जागा तिला खुणावू लागली.

थोरला भाऊ आदगोंडा सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होता. त्यानं समजावून पाहिलं.

"माझ्या शेजारी फ्लॅट घे, चंदना. घर बांधायचं म्हणजे पोरखेळ न्हवं. म्हणत्यात न्हवं, घर बघावं बांधून, आन लगीन..." एवढं बोलून तो गडबडला. समोरचा तांब्या उचलून उगीचच पाणी प्यायला.

"लगीन बघावं करून," चंदनानं वाक्य पुरं केलं. "दोन्हीतलं एक तरी बघू द्या की अण्णा."

आदगोंडा हसला. त्यानंतर त्यानं फ्लॅटचा विषय काढला नाही.

गवंडी तिनं जतकडचा आणला. गुंडा त्याचं नाव. अठरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं, बयाबाईचं, अडलेलं बाळंतपण चंदनानं एका झोपडीत, टेंभ्यासारख्या जळणाऱ्या चुलीच्या उजेडात पार पाडलं होतं. तेव्हापासून तो दर सुगीला ज्वारीचं पीठ घेऊन क्वार्टरवर यायचा. "बाई, तुमचं घर मीच बांधणार," तो म्हणाला, आणि दोन माणसं घेऊन जागेवरच पत्र्याची खोली टाकून राहिला. चंदनानं गावात एक खोली भाड्यानं घेतली.

काम सुरू झालं आणि प्रश्न सुरू झाले. दार आत उघडायचं का बाहेर? ओटा किती उंच? न्हाणीचा उतार कुणीकडं? सगळ्याच प्रश्नांना चंदनाचं एकच उत्तर असे, "चालेल." ज्या बाईनं उभ्या तालुक्यातल्या सासवांना दरडावून बाळंतिणीच्या खोलीबाहेर काढलं होतं, तिची गवंड्यासमोर जीभ उचलत नव्हती. आपल्याला कळत नाही हे गुंड्याला कळू नये, असं तिला वाटायचं. ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ही गोष्ट वेगळी.

एकदाच ती ठामपणे बोलली. जोतं दोन फूट घेऊ म्हणून गुंड्यानं दोरी लावली, तेव्हा तिनं त्याला शेजारच्या घरापाशी नेलं आणि भिंतीवरची पुराची रेघ दाखवली. रेघ त्याच्या छातीला लागत होती. गुंडा जतचा. त्याला पाणी ठाऊक ते टँकरमधलं. त्यानं त्या रेघेवर हात ठेवला.

"एवढं पाणी आपल्याआप येतंय?" तो म्हणाला. जोतं त्यानं पाच फुटांवर नेलं.

भिंती वर यायला लागल्या आणि चंदनाला एक काम सापडलं. सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन ती विटांना पाणी मारायची. गुंडा म्हणाला होता की पाणी पिऊन भिंत पक्की होते. हे तिला समजण्यासारखं होतं. बाळाला पाजल्यासारखी ती एकेक कोपरा भिजवायची.

अशातच आदगोंडाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती दहा दिवस सांगलीला गेली. परत आली तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या. मावळतीकडची भिंत सलग होती.

तिनं चौकटीच्या वहीत जो नकाशा काढला होता, त्यात तिथं खिडकी होती. आतल्या जमिनीपासून जेमतेम दीड-दोन फुटांवर.

"बाई, तुमची एक चूक म्यां सुधारली," गुंडा उत्साहानं म्हणाला. "मावळतीला खिडकी कुणी ठेवत न्हाई. उनानं भट्टी हुईल. आन तीबी इतक्या खाली! उत्तरंला, वट्याच्या वर काढलीया. वारा लय चांगला येतोय."

"बरं केलंस," चंदना म्हणाली. नळी उचलली आणि त्याच भिंतीला पाणी मारत राहिली.

पुढचे सात-आठ दिवस ती संध्याकाळचा डबा घेऊन जागेवर यायची. घरातली जैन रीत, दिवस मावळायच्या आत जेवायचं. ती आयुष्यभर पाळत आली होती. पण आत सावलीत न बसता ती मागल्या बाजूला, विटांच्या ढिगावर, तोंडावर ऊन घेत बसायची. घास घ्यायची, वर बघायची, परत घास घ्यायची.

गुंडा एक दिवस बघत राहिला, दोन दिवस बघत राहिला. शेवटी एका संध्याकाळी हात धुऊन जवळ आला.

"आत बसा की बाई. हितं डोळं दिपत्यात."

"आतनं दिवस दिसत नाही रे."

गुंड्यानं खिशातून घडी करून मळलेला नकाशा काढला आणि उलगडला. मावळतीच्या रेघेवरचा तो छोटा चौकोन त्यानं बोटानं चाचपला.

"ह्याच्यासाठी व्हती व्हय ही?"

चंदनानं डब्याचं झाकण लावलं. मग हळूहळू सांगितलं. क्वार्टरच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, आणि तिच्यासमोर पाण्याच्या टाकीची भिंत. दिवस किती राहिलाय हे कळायला ताटावरून उठून दारापर्यंत जावं लागे. दोन घास खायचे, उठायचं, बघून यायचं. केस बघून उशिरा परतली की कित्येकदा ताट तसंच झाकून उपाशी झोपायची. "म्हटलं, आपलं घर झालं की बसल्या जागी दिवस दिसावा. निवांत जेवावं. तेवढंच." तिनं डबा पिशवीत घातला. "पण राहू दे आता. भिंत झाली."

गुंडा उकिडवा बसला.

"बाई, बयाबाई अडली तवा मी दाराभायेर व्हतो. ती दात आवळून गप पडलीती. तुमी तिच्यावर वरडला. म्हणला, कुठं दुखतंय ते तू सांगितल्याबिगर मला कसं कळंल? सांग, लाजू नगंस." त्यानं नकाशाची घडी घातली. "मग मलाबी कसं कळायचं?"

चंदनानं पदरानं डोळे पुसले आणि ऊन लागल्यासारखं केलं.

"चला आत," गुंडा म्हणाला. त्यानं घमेलं पालथं घातलं. "बसा. ताट फुडं हाय आसं समजा. नजर कुठं जाती?"

त्यानं खडूनं भिंतीवर एक रेघ मारली. "हितं?"

"चालेल," सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

गुंडा खडू धरून तसाच उभा राहिला.

चंदनानं परत बघितलं. पाठ ताठ केली, मग जेवताना वाकतो तशी वाकली. "नाही," ती म्हणाली. "अजून चार बोटं खाली घे."

दुसऱ्या दिवशी भिंत फोडायला घेतली. दोन गडी आळीपाळीनं घण मारत होते तरी विटा हलेनात.

"लय पक्की झालीया," गुंडा घाम पुसत म्हणाला. "तुमीच पाणी पाजून पाजून केलीया अशी. आता भोगा."

त्या दिवशी जागेवर सगळेच हसले. चंदना सगळ्यात जास्त.

नंतर ती विचारायला शिकली. खिडकीवरचं लिंटेल म्हणजे काय, भिंतीला ओळंबा कशाला सोडतात, हे खुशाल विचारू लागली. फरशीवाल्यानं, काही सांडलं तरी डाग दिसायचे नाहीत म्हणून गडद रंग पुढं केला, तर सांडलेलं दिसायलाच हवं म्हणून तिनं पांढरीच मागितली. तरी काही चुका व्हायच्या त्या झाल्याच. दिव्याचं एक बटण दारामागं गेलं. फळी इतकी उंच बसली की स्टुलाशिवाय हात पुरेना.

दिवाळीआधी घर झालं. वास्तूच्या दिवशी बयाबाई जतहून आली. घरभर फिरली, प्रत्येक भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ह्यांनी आमचं घर आसं कवा बांधायचं?" गुंडा पान खायच्या निमित्तानं बाहेर गेला. चंदना म्हणाली, "बांधेल. तू तेवढं आधी सांग त्याला, काय पाहिजे ते."

पाहुणे पांगले, तरी आदगोंडा राहिला. चष्मा सावरत त्यानं सगळ्या खोल्या बघितल्या. न्हाणीच्या दाराशी थांबला. दार लावून बघितलं, उघडून बघितलं.

"हे दार बादलीला आडतंय की गं."

"माहीत आहे अण्णा."

"मग?"

"मग काय. बादली बाहेर काढायची, दार लावायचं."

त्यानं खिशातली सुतळी काढली आणि दार नि भिंतीमधलं अंतर मोजून घेतलं. पुढच्या रविवारी तो सांगलीहून बसनं आला, तेव्हा काखेत एक बुटकं, रुंद तोंडाचं पितळी घंगाळ होतं. अडीच तास भांड्यांच्या गल्लीत फिरून, तीच सुतळी प्रत्येक भांड्याला लावून बघत त्यानं ते शोधलं होतं. त्यानं ते बादलीच्या जागी न्हाणीत ठेवलं आणि दार लोटलं. दार दोन बोटं अंतर राखून अलगद लागलं.

"बसलं," तो आतून म्हणाला.

"जेवायला या मग," चंदना म्हणाली. तिनं खिडकीसमोर दोन ताटं मांडायला घेतली.