नेमून दिलेली मैत्रीण

नेड्रा मिकेल्सनचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. बासष्टीच्या बाईचे जेवढे असतात त्याहून बरेच. मागच्याच आठवड्यात शिडीवर चढून तिनं छपराच्या पन्हळीतली पानं उपसली होती. त्यामुळे किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईनं आवाज खाली आणून "गुडघा कसा आहे आता?" असं विचारलं, तेव्हा मागे दुसरं कुणी उभं आहे का, हे तिनं आधी वळून पाहिलं.

"कुणाचा गुडघा?"

"तुमचाच की, सिस्टर मिकेल्सन. जपा बाई. पायऱ्या अजिबात चढू नका."

आदल्या दिवशी पोस्टात एका धडधाकट माणसानं तिचा दंड धरून तिला उंबरा ओलांडून दिला होता. त्याच्याही आधी कुणीतरी दारात केळ्याचा ब्रेड ठेवून गेलं होतं आणि फोन करून म्हणालं होतं की सांध्यांना आराम द्या. एकच गोष्ट आठवड्यात इतक्या तोंडांतून आली की ती आपोआप आलेली नसते. नेड्राचा सगळा जन्म याच खोऱ्यात गेला होता. ही बातमी चर्चच्या मंडळीच्या बैठकीतून सुटली होती, एकमेकांना सिस्टर-ब्रदर म्हणणाऱ्या त्याच लोकांतून, यात तिला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की कुणी सोडली आणि कशासाठी.

कारण दुखणं गुडघ्याचं नव्हतं. ईस्टरपासून ती रविवारी प्रार्थनेला गेलेली नव्हती.

झालं असं, की अर्धा जन्म तिनं मंडळीतल्या लहान मुलांना शिकवलं होतं. त्यात एक चित्र असायचं: त्यांच्या पंथाचे पहिले प्रेषित टेबलाशी बसलेत, समोर धर्मग्रंथाची सोन्याची पानं उघडी आहेत आणि ते बोट ठेवून ओळ वाचताहेत. गेल्या हिवाळ्यात तिनं चर्चच्याच संकेतस्थळावर वाचलं, की बरेचदा प्रेषित टोपीत एक दगड टाकायचे, टोपीत तोंड खुपसायचे आणि मजकूर सांगायचे. पानं बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. दगडाचं तिला काही वाटलं नाही. देवाला दगडातून बोलायचं असेल तर खुशाल बोलू दे. तिला राग आला तो चित्राचा. ते तिनं स्वतःच्या हातांनी शेकडो पोरांच्या नाकासमोर धरलं होतं, आणि एवढ्या वर्षांत एकही माईचा लाल तिला म्हणाला नव्हता की बाई, हे असं नव्हतं.

तेव्हापासून तिचा कशावरच विश्वास बसेना. बिशपच्या हसण्यावर नाही, दारातल्या ब्रेडवर नाही.

आता दोनच वाटा होत्या. बिशपकडे जाऊन मंडळीच्या यादीतून माझं नाव काढा म्हणायचं, नाहीतर परत जाऊन थेनच्या बाकावर गुमान बसायचं. थेन तिचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या दोघांचं लग्न टेकडीवरच्या, चर्चच्याच मंदिरात लागलं होतं, मरेपर्यंतचं नव्हे, कायमचं. नाव काढलं की ती गाठही सुटणार होती. नेड्राचा त्या गाठीवर विश्वास उरला होता की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पण ती आपल्या हातानं सोडवत नव्हती. आणि इथे मंडळी सोडायची म्हणजे गावच सोडायचं, फक्त राहायचं तिथंच.

तिला खात्रीचं वाटावं असं एकच माणूस उरलं होतं, अ‍ॅफ्टन ब्रॉडबेंट. अ‍ॅफ्टन दर गुरुवारी यायची. कधी भोपळ्याच्या वड्या, कधी लोणी, हातात काही ना काही असायचंच. ईस्टरनंतर बाकी सगळे 'कशा आहात' म्हणताना नेड्राच्या चेहऱ्यात काहीतरी शोधायचे. अ‍ॅफ्टन मात्र जर्दाळूच्या भावाबद्दल बोलायची.

तेही शॉना बॅग्लीनं नासवलं. शॉना महिला मंडळाची अध्यक्ष, वयानं लहान आणि मनानं चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नसे. चीज घातलेल्या बटाट्यांचा मोठा डबा घेऊन ती आली आणि बोलता बोलता म्हणाली, "अ‍ॅफ्टन बैठकीत तुमची सगळी खबरबात सांगते हो. किती छान सांभाळलंय तिनं तुम्हाला. ब्रदर मिकेल्सन आजारी पडले तेव्हापासून तुम्ही तिच्याकडेच आहात ना?"

"तिच्याकडे म्हणजे?"

"म्हणजे नेमून दिलेल्या," शॉना म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण काहीतरी सांडलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

प्रथा नेड्राला माहीत नव्हती असं नाही. मंडळीतल्या प्रत्येक बाईला दोन-तीन घरं नेमून देतात. तिथं जायचं, विचारपूस करायची, काय हवं-नको ते वर कळवायचं. हल्ली कोण कुणाकडे हे धड सांगतही नाहीत. आपल्या वाट्याला ती कोपऱ्यावरची नवी नवरी आली असणार, असं नेड्रा धरून चालली होती, कारण ती नवरी एकदा येऊन गडप झाली होती. अ‍ॅफ्टनला तिनं त्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

बटाटे तिनं सिंकमध्ये ओतले. मग एकेक आठवण काढून ती उलटीपालटी करून बघू लागली. थेनच्या शेवटच्या आजारात प्रोव्होच्या दवाखान्यात अ‍ॅफ्टनच गाडी चालवत न्यायची. ते मैत्रिणीनं केलं की नेमलेल्या बाईनं? मातीच्या दिवशी अ‍ॅफ्टननं तिच्या पायांतले बूट काढले होते. तेही बैठकीत सांगितलं असेल का? नेड्राला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला.

तिनं सापळा लावायचं ठरवलं.

गुरुवारी अ‍ॅफ्टन पीचच्या पेट्या घेऊन आली. दोघी दरवर्षी एकत्र पीच भरायच्या. उकळत्या पाण्यात बुडवून सालं सोलायची, फोडी करायच्या, पाकात घालून बरण्यांची झाकणं बसवायची. नेड्रा सोलता सोलता सहज म्हणाली, "मी कॉफीचं यंत्र घेतलंय."

मंडळीत कॉफी वर्ज्य. ही बातमी बैठकीत पोचली असती तर रविवारपर्यंत बिशप दारात आला असता.

अ‍ॅफ्टननं सुरी खाली ठेवली नाही. "चांगली लागते?"

"कडू लागते."

"मग साखर घाल," अ‍ॅफ्टन म्हणाली, आणि पुढचा पीच उचलला.

फारच सहज बोलली, नेड्राला वाटलं. शिकवल्यासारखी.

बिशप आला नाही. शनिवारी सकाळी आले ते मंडळीतले दोन पुरुष, लाकडाच्या पट्ट्या आणि ड्रिल घेऊन. पुढच्या पायऱ्यांना कठडा लावायला आलो म्हणाले. नेड्रानं त्यांना मुद्दाम पाणी प्यायला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ते ओट्याकडे बघतात का यावर नजर ठेवली. ते पाणी प्याले आणि त्यांनी बरण्यांची तारीफ केली. हेही पढवून पाठवलेले, तिनं मनात म्हटलं.

"माझ्या गुडघ्याचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सिस्टर ब्रॉडबेंटनी," त्यातला वयस्क म्हणाला. "ईस्टरनंतर लगेच सांगितलं त्यांनी बैठकीत. तुम्हाला बाकावर तासभर बसवत नाही म्हणून. आम्हालाच उशीर झाला, माफ करा."

नेड्रानं कठडा पुरा होईपर्यंतही दम धरला नाही. ती तशीच गाडीत बसली आणि अ‍ॅफ्टनच्या घरी गेली.

अ‍ॅफ्टन जेवणाच्या टेबलाशी बसून जाळीच्या छोट्या पुरचुंड्यांत पुदिन्याच्या गोळ्या भरत होती. पुढच्या शनिवारी तिच्या नातीचं लग्न होतं.

"माझा गुडघा तू मोडलास," नेड्रा दारातूनच म्हणाली.

"काहीतरी मोडायलाच हवं होतं. तू का येत नाहीस म्हणून सगळे माझा जीव खात होते."

"आणि कॉफी? ती नाही सांगितलीस?"

"तू कॉफीचं यंत्र घेतलंच नाहीस. तुझ्या ओट्यावर जागा कुठाय?"

नेड्रा आत येऊन टेबलाशी उभी राहिली. मग ती म्हणाली, "तू माझ्याकडे नेमलेली आहेस."

"आहे की."

"चार वर्षं. आणि तोंडातून एक शब्द नाही."

"तू काढला होतास?" अ‍ॅफ्टननं आता वर पाहिलं. "डॉयल मला टाकून गेला, त्या उन्हाळ्यात तू माझ्या दारात उभी होतीस, गाजर घातलेली जेली घेऊन. तोवर तुझं नावही मला नीट ठाऊक नव्हतं. तुला काय स्वप्न पडलं होतं? तुला पाठवलं होतं, नेड्रा."

नेड्रा खुर्चीत बसली. खरंच की. पाठवलं होतं. ती ते साफ विसरली होती, इतकी की कुणी शपथेवर विचारलं असतं तरी नाही म्हणाली असती.

"बैठकीत माझ्याबद्दल काय सांगायचीस?" अ‍ॅफ्टननं विचारलं.

"टोमॅटोंमुळे तुला वेळ होत नाही म्हणून."

"आणि मी न्हाणीघराच्या फरशीवर झोपत होते. तू येऊन मला उठवायचीस, माझे केस धुवायचीस आणि तिकडे जाऊन टोमॅटो सांगायचीस. मला ते ठाऊक होतं. म्हणून मी तुला गुडघा दिला."

नेड्रानं एक पुरचुंडी पुढ्यात ओढली. तरी तिच्या आतली चौकशी काही थांबेना. "मग हे आज का सांगतेस?"

"उद्या माझी मुलाखत आहे बिशपकडे. त्याची चिठ्ठी असल्याशिवाय मंदिरात सोडत नाहीत, आणि नातीचं लग्न आत आहे. तो विचारणार, सगळ्या वागण्यात तुम्ही प्रामाणिक आहात का? तुझा गुडघा घेऊन मी तिथं कशी बसू?"

"हो म्हणून मोकळी हो. काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. माझा त्या सगळ्यावर विश्वास आहे गं. तीच तर पंचाईत आहे."

"म्हणजे मी तरी परत यायचं, नाहीतर जाऊन खरं सांगायचं. हे त्यांनी शिकवलंय का तुला?"

"तू माझ्या घरी आली आहेस," अ‍ॅफ्टन शांतपणे म्हणाली. "मी तुझ्या नाही."

नेड्रा शरमली. ती पुरचुंडीत गोळ्या भरू लागली. मग तिनं ते विचारलं, ज्यासाठी ती खरी आली होती. "आणि मी नाव काढलं तर? तू येशील गुरुवारी?"

अ‍ॅफ्टन लगेच हो म्हणाली असती तर नेड्राला ते खोटं वाटलं असतं. पण अ‍ॅफ्टननं विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "उभ्या जन्मात मी कुणाच्या घरी कुणी न पाठवता गेलेली नाही. कसं जातात तेसुद्धा मला येत नाही."

बिशपपण हे बिनपगारी काम; बिशपचं टायरचं दुकान शनिवारी सहापर्यंत उघडं असे. हा बिशप ट्रेंट ओल्सन लहानपणी नेड्राच्याच वर्गात होता, ते चित्र त्यानंही पाहिलं होतं. तिला बघून तो हात पुसत पुढे आला आणि त्यानं आधी खुर्ची सरकवली.

"राहू दे. माझे गुडघे चांगले आहेत, ट्रेंट. अ‍ॅफ्टननं माझी लाज राखली, दुसरं काही नाही. उद्या तिला त्यावरून धरू नकोस. मी येत नाही, कारण माझा विश्वास उरलेला नाही. माझं नाव काढ."

त्याचा चेहरा पडला. हे खरं की बिशपचं कर्तव्य, हे ओळखायचा ती प्रयत्न करत होती. "हे तुम्ही तिच्यासाठी करताय का?" त्यानं विचारलं.

"निघाले तेव्हा तसं वाटत होतं," नेड्रा म्हणाली. "आता नाही वाटत. मला परत कुणासमोर काही धरून उभं राहायचं नाही."

"आणि ब्रदर मिकेल्सन? त्यांच्याशी बांधलेली गाठ?"

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. गाडीत जाऊन ती थेनचं नाव घेत पोटभर रडली, आणि मग घरी आली.

अ‍ॅफ्टनला चिठ्ठी मिळाली. लग्न झालं. पण मधला गुरुवार कोरा गेला. दारात ब्रेड नाही, पोस्टात कुणी दंड धरला नाही. गल्ल्यावरच्या बाईनं सामान भरून दिलं आणि हवा बरी आहे म्हणाली. आपल्यावर इतके दिवस नजर होती याचा नेड्राला राग होता. आता ती नजर उठली होती, आणि घर तिला खायला उठत होतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी अ‍ॅफ्टनची गाडी दारासमोर येऊन थांबली. नेड्रा पडद्याआड उभी राहिली. गाडीतून कुणी उतरेना. ही आत करतेय काय? प्रार्थना? की शॉनाला फोन लावलाय? मागच्या सीटवर आणखी कुणी बसलंय का? नेड्रानं मान लांब करून पाहिलं, पण काचेवर ऊन होतं.

अखेर दार उघडलं. अ‍ॅफ्टन कठडा धरून पायऱ्या चढून आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते. नेड्रानं असं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"आज कुणी पाठवलं?" नेड्रानं दार अर्धवट धरून विचारलं, आणि तिच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं.

"कुणी नाही. म्हणून तर उतरायला इतका वेळ लागला," अ‍ॅफ्टन म्हणाली. "असं आलं की आधी काय म्हणतात?"

नेड्रालाही ते माहीत नव्हतं. तिनं दार पूर्ण उघडलं आणि ती बाजूला झाली.