पस्तिसावी गड्डी

लालबागच्या मोरजकर चाळीत तीन मजले, छत्तीस खोल्या आणि दिवाळीला छत्तीस कंदील, एकजात सारखे. रंग सारखा, माप सारखं, झिरमिळ्यासुद्धा मोजून बारा. कोणाकडे भिंतभर टीव्ही आहे आणि कोणाकडे दोन वेळची मारामार, हे निदान त्या चार दिवसांत रस्त्यावरून बघणाऱ्याला कळू नये, असा जुन्या लोकांनी पाडलेला पायंडा. त्याला अपवाद एकच. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या दाराला कंदील लागत नाही. त्या घरात तेलाची कढईही चढत नाही. शेजारणीच फराळाचं ताट झाकून आणतात, घटकाभर बसतात, डोळे पुसतात आणि जातात.

हे सगळे कंदील करायची सुभद्रा राणे, दुसऱ्या मजल्यावरची. गिरणी बंद पडली तेव्हा तिचा नवरा दत्ताराम भंगारवाल्याकडून एक हातप्रेस उचलून घेऊन आला होता. "घरात खाऊक नाय आणि हो लोखंड घेऊन इलो!" म्हणून सुभद्राने तेव्हा चाळ डोक्यावर घेतली होती. पुढे त्याच लोखंडाने घर चालवलं. पोलादी पात्याचे तीन साचे, एक पाकळीचा, एक करंजीचा, एक चांदणीचा. सॅटिनच्या आठ घड्या साच्याखाली सरकवायच्या, दांडा ओढायचा, खट्ट! आठ पाकळ्या मोकळ्या. एका कंदिलाला चोवीस पाकळ्या लागतात, म्हणून चोवीसची गड्डी करून दोऱ्याने बांधायची. एक गड्डी म्हणजे एक दार. हिशोब इतका सोपा की अंधारात चाचपूनही चुकायचा नाही.

बारा वर्षांपूर्वी दत्ताराम गेला, त्या दिवाळीला सुभद्राने पस्तीसच गड्ड्या बांधल्या. कोणाला सांगावं लागलं नाही. रीत म्हणजे रीत. त्या वर्षी आलेली फराळाची ताटंही तिने रडत रडत घेतली होती. म्हणजे बाईला रीत ठाऊक नव्हती असं कोणी म्हणू नये.

पण मुलाच्या बाबतीत तिने रीत मोडली आणि वर मान करून मोडली.

निलेश बोटीवर खलाशी होता. चार वर्षांपूर्वीच्या आषाढात, दोन बंदरांच्या मधे कुठेतरी, सकाळच्या हजेरीला तो डेकवर नव्हता. बोट उलटसुलट शोधली. रेलिंगपाशी त्याच्या चपला सापडल्या, नीट जोडून ठेवलेल्या. कंपनीच्या माणसाने घरी येऊन हे सगळं चाचरत सांगितलं. सुभद्रा म्हणाली, "चपला काय, माणूस अंघोळीक जातानापण काढता." गावच्या भगताने तांदूळ मांडून सांगितलं की मुलगा पाण्यापलीकडे आहे. तिला तेवढं पुरलं. पाण्यापलीकडे म्हणजे कुठल्यातरी बेटावर, कुठल्यातरी तुरुंगात, डोक्याला मार लागून नाव विसरलेला. पण आहे.

त्या दिवाळीला शेजारची मेघना, चाळीच्या कमिटीची सेक्रेटरी, रीतीप्रमाणे ताट झाकून घेऊन आली. सुभद्राने ताट हातात घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत कठड्यावरून खाली ओतलं. चकल्या, लाडू, सगळं चौकात. "कोणाचो दुखवटो? माझो झील जितो आसा!" तीन मजल्यांनी ऐकलं. त्यानंतर त्या दाराकडे ताट घेऊन यायची कोणाची छाती झाली नाही. दर दिवाळीला सुभद्राच्या दाराला कंदील लागायचा, बाकी सगळ्यांसारखा, आणि लोक मान खाली घालून पुढे सरकायचे.

आता खरं काय ते सांगून टाकू. सुभद्रा खुळी नव्हती. तिला त्या चपला कळल्या होत्या. पण तो नाहीसा झाला त्याच्या आदल्या दिवशी, बोट बंदरात असताना, निलेशचा फोन आला होता आणि ते ती कोणाला बोलली नव्हती. "आई, मला इथे नाय जमत. झोप येत नाय. मी येऊ घरी?" असं म्हणाला होता तो. आणि ही बाई, सॅटिनच्या घड्या घालता घालता फोन खांद्याने कानाशी दाबून म्हणाली होती, "सहा महिने काढ रे. पळान येणाऱ्याक कोण उभो करता?" पोरगा "बरं" म्हणाला. एवढंच. तो मेला असं एकदा तोंडाने कबूल केलं की त्या 'बरं'चं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तो जिवंत असणं भाग होतं.

घरात तिच्यासोबत असायची ती सून रुपाली. एकतीस वर्षांची. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहायची, संध्याकाळी येऊन प्रेसचा दांडा ओढायची, कारण सुभद्राचा उजवा खांदा आता वर जात नव्हता. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला टिकली, तोंडाला कुलूप.

यंदा नवरात्रात तिसऱ्या दाराचे रामजीभाऊ गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, झोपेत गेला. सुभद्रा मनूवहिनींकडे, म्हणजे रामजीभाऊंच्या बायकोकडे, तेराही दिवस जाऊन बसली. बायका म्हणाल्या, बघा, किती माया! माया कसली डोंबलाची. सुभद्राला हेवा वाटत होता. वहिनींना अंघोळ घालायला देह मिळाला, तोंडात घालायला पाणी मिळालं, कावळा शिवला, राख मिळाली. बाराव्या दिवशी वहिनी हुंदका देऊन रडल्या आणि चार बायकांनी त्यांना धरलं. सुभद्रा भिंतीला टेकून बघत राहिली. आपल्याला कोणी धरलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि लगेच तिची तिलाच चीड आली. कोणी धरणार तरी कसं? ताट कोणी फेकलं होतं?

मग दिवाळीची गडबड लागली. मेघना दारातूनच म्हणाली, "काकी, यंदा पस्तीस. मनूकाकींचं दार नाय ना." सुभद्राने मान हलवली. यंदाचं सॅटिन केशरी होतं. रुपालीने दुकानातून मोजून आणलं, रोज संध्याकाळी कापलं, गड्ड्या बांधून पलंगाखालच्या खोक्यात रचल्या. सुभद्रा सांगाड्यांना पाकळ्या चिकटवत बसायची.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिने शेवटचा सांगाडा पुढ्यात ओढला, खोक्यात हात घातला आणि हात तळाला लागला. खोकं रिकामं. तिने तयार कंदील मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. चौतीस.

रुपाली कामावरून येऊन हातपाय धूत होती. "काय गो, एक गड्डी कमी बांधलीस?"

"नाही आई. चौतीसच बांधल्या."

"पस्तीस दारं आसत."

"चौतीस," रुपाली म्हणाली. टॉवेलला हात पुसत, आवाज न चढवता. "मनूकाकींचं नाही आणि आपलं नाही."

सुभद्राच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "तुका विचारल्यान कोणी?"

"कोणीच नाही विचारत, आई. तेच तर सांगतेय. चार वर्षं झाली, मला कोणी कशी आहेस म्हणून विचारत नाही. तुम्ही ताट फेकाल म्हणून. हळदीकुंकवाला जाते तर बायका माझ्या कपाळापाशी बोट आणतात आणि थांबतात. लावू की नको? त्यांना कळत नाही, मलापण कळत नाही. मला एकदा नीट रडू द्या हो. तुमच्या पाया पडते. चार वर्षांपूर्वी पाळायचं राहिलं ते यंदा पाळू, दार काळोखात राहू द्या."

यावर माणसाने काय बोलावं? गप्प बसावं. पण सुभद्राची जीभ म्हणजे प्रेसचा दांडा, एकदा खाली आला की कापूनच वर जायचा. "समजला माका. हिंदमाताक कोण भेटलो तुका? त्याच्यासाठी माझ्या झिलाक मारतंस!"

रुपाली पांढरी पडली. तिच्या तोंडात काहीतरी आलं होतं, ओठ हललेही. पण तिने ते गिळलं. "कापड संपलंय," एवढंच म्हणाली.

"तां माका सांगू नको. खयसूनपण आण. माझ्या दाराक कंदील व्हयो म्हणजे व्हयो!"

रुपालीने पत्र्याची ट्रंक ओढली, तळाशी हात घालून एक घडी काढली आणि प्रेसपाशी गेली. पांढरं कापड होतं. सुभद्राला वाटलं, जुनी चादर असेल. दांडा खाली आला. खट्ट. पुन्हा घडी, पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा. मग करंज्या, मग चांदण्या. झिरमिळ्यांच्या बारा पट्ट्या तिने कात्रीने कापल्या. दोरा बांधून सगळं सुभद्राच्या पुढ्यात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, जेवली नाही.

सुभद्राने गड्डी सोडली. तिसऱ्याच पाकळीवर लाल कुंकवाची रेघ होती. पुढच्या पाकळीवर तिचा वळलेला कोपरा. स्वस्तिक होतं ते, साच्याने सहा ठिकाणी तोडलेलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की हा अंतरपाट आहे. निलेश आणि रुपालीच्या लग्नात दोघांच्या मधे धरलेला. एक टोक सुभद्राच्या भावाच्या हातात होतं, दुसरं रामजीभाऊंच्या. कापड जरा खालीच धरलं होतं आणि निलेश पुन्हा पुन्हा टाचा उंचावून पलीकडे बघत होता. सगळा मांडव हसला होता.

ती ओरडायला गेली. पण कोणावर ओरडणार? कंदील हवाच, असं तिनेच सांगितलं होतं. तिने खळ बोटाला घेतली आणि एकेक पाकळी चिकटवू लागली. तीस वर्षांची सवय, पाकळ्या सरळ बसल्या.

वसुबारसेला तिन्हीसांजेला मेघनाने खालचं मेन बटण दाबलं आणि चाळ उजळली. चौतीस केशरी कंदील, एक दार काळोखं आणि एक कंदील पांढरा. पोरांचा गलका क्षणभर थांबला. चाळीतले लोक एरवी भांडतील, पण अशा वेळी त्यांना गप्प बसता येतं.

सुभद्रा उंबऱ्यात बसली. दिव्याच्या उजेडात पाकळ्यांवरचं कुंकू स्पष्ट दिसत होतं, तुकड्या तुकड्यांनी. तिसऱ्या दारापाशी, मनूवहिनींच्या काळोखात, बायकांची ये-जा चालू होती. झाकलेली ताटं येत होती, कोणीतरी आत हुंदके देत होतं, कोणीतरी "अगं, सोन्यासारखा माणूस" म्हणत होतं. हिच्या उजेडात मात्र कोणी फिरकत नव्हतं. येणारी प्रत्येक बाई त्या पांढऱ्या कंदिलाखाली आली की चालायचा वेग वाढवत होती.

असा तास गेला असेल. मग सुभद्रा उठली, स्टुलावर चढली आणि डाव्या हाताने कंदील हुकातून काढला. वायर ओढली. दार काळोखात गेलं.

"आई, पडाल," रुपाली धावत आली आणि तिने स्टूल धरलं.

सुभद्रा खाली उतरली आणि कंदील मांडीवर घेऊन तिथेच बसली. "रुपाली, तेनी माका फोन केलेलो. आदल्या दिवशी. घरी येऊ काय म्हणालो." तिने कंदिलावरची एक पाकळी चाचपली. "मी म्हटलंय, सहा महिने काढ. मीच. मीच पाठवलंय गो त्याका."

रुपाली तिच्या शेजारी बसली. कंदिलाची एक झिरमिळी बोटाला गुंडाळत राहिली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमचा फोन ठेवला आणि लगेच मला केला त्याने. मी दुकानात होते, गिऱ्हाईक होतं समोर. म्हणाला, आई नको म्हणते, तू समजाव तिला." तिने श्वास घेतला. "मी म्हटलं, आई बरोबर बोलतायत."

सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे चार वर्षं हिला सगळं ठाऊक होतं. काल एवढं घाण बोलले, तेव्हाही ही फेकू शकत होती माझ्या तोंडावर. फेकलं नाही.

मग सुभद्रा रडली. रडली म्हणजे काय, तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं. पोराचं नाव घेऊन, ऊर बडवून, चार वर्षांचं एकदम. रुपालीही रडली, तिच्या गळ्यात पडून, दोघींच्या मधे तो पांढरा कंदील चेपून गेला.

गॅलरीतली दारं एकेक करून उघडली. मेघना बाहेर आली आणि दोन पावलांवर अडली. तिला ते जुनं ताट आठवलं असणार.

तिला बाजूला सारून मनूवहिनी आल्या. कठड्याला धरून, हळूहळू, मोकळं कपाळ, हातात रुमालाने झाकलेलं ताट. त्या वाकल्या, गुडघे धरून सुभद्रासमोर खाली बसल्या.

"माझ्याकडे पाच आलीत," त्या म्हणाल्या. "हे तुझ्या वाटचं."

सुभद्राने डोळे पुसले, पदर सावरला आणि ताट दोन्ही हातांनी घेतलं.